परतीला मनाई: फेअरहेवनच्या किनाऱ्यावर बंद जपान

अमेरिकेत सासू-सासरे आले की त्यांना नायगारा दाखवायचा, हा आमच्या श्रूजबरीतला अलिखित कायदा आहे. विमानतळावरून घरी आणायचं, दोन दिवस झोपू द्यायचं, मग नायगारा, मग न्यूयॉर्कचा पुतळा, मग एखादं देऊळ. उरलेले दिवस त्यांनी खिडकीत बसून रस्त्यावर माणसं का दिसत नाहीत याचा विचार करायचा. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या बाबांनी, पहिल्याच आठवड्यात हा कायदा मोडला.

"नायगारा मी तीस वर्षांपासून क्यालेंडरवर पाहून राहिलो," ते म्हणाले. "मला फेअरहेवनला ने."

आता मी डोंबिवलीची, नवरा हेमंत नागपूरचा, दोघं मिळून आठ वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये, आणि हे नाव दोघांच्याही कानावरून गेलेलं नाही. बाबांनी कपाळावर हात मारला. त्यांनी नागपूरच्या एका शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला. पुस्तकात जपानवर म्हणे दोनच ओळी असायच्या. जपानने जगाला दारं बंद केली. मग अमेरिकेची काळी जहाजं आली आणि दारं उघडली. "त्या दोन ओळींच्या मधे दोनशेहून जास्त वर्षं आहेत, बावा!" बाबा मला वर्गातल्या पोरीसारखं दटावत म्हणाले. "आणि त्या बंद दारातून बाहेर फेकला गेलेला एक कोळ्याचा पोरगा तुमच्या घरापासून दीड तासावर राहून गेला. अन् तुम्हाले पत्ताच नाही."

झालं. मे महिन्याच्या शेवटच्या लाँग वीकेंडला दोन दिवसांची ट्रिप ठरली. शनिवारी सेलम, तिथल्या मोठ्या संग्रहालयात जुन्या जपानच्या वस्तू पाहायच्या, आणि रविवारी फेअरहेवन.

पुढचं नीट कळावं म्हणून घरातली एक गोष्ट आधीच सांगून टाकते. बाबा एकटेच आले होते. आईंना, म्हणजे सासूबाईंना, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू अजून पूर्ण चालत नाही, त्यांना विमानात बसवणं शक्य नाही. नणंद त्यांच्याजवळ राहायला आली आणि आईंनीच बाबांना पिटाळलं, "जाऊन पाहून या, कसा दिसतो तो." कारण हेमंत पाच वर्षं घरी गेलेला नाही. झटका आला तेव्हा तिकीट काढलं होतं. वकील म्हणाला, आत्ता देशाबाहेर पडू नका. तिकीट कॅन्सल केलं.

ज्यांना या भानगडी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी: इथे राहून काम करायची परवानगी वेगळी आणि पासपोर्टवरचा आत यायचा शिक्का वेगळा. हेमंतची परवानगी चालू आहे, शिक्का संपलाय. इथून हललं नाही तर काही बिघडत नाही. एकदा बाहेर पडलं की मुंबईच्या कॉन्सुलेटमधून नवा शिक्का घेतल्याशिवाय परत येता येत नाही. बहुतेकांना तो मिळतो. काहींना नुसतं 'थांबा' म्हणतात. हेमंतच्या ऑफिसमधला एकजण वडिलांच्या आजारपणासाठी गेला आणि थांबून थांबून त्याची नोकरीच गेली. बायकोने इथलं घर एकटीने आवरलं. त्या पॅकिंगला आम्हीच मदत केली होती, त्यामुळे ती भीती ऐकीव नाही. तेव्हापासून आमच्याकडे 'ग्रीन कार्ड आलं की' हा मंत्र चालू झाला. ग्रीन कार्ड आलं की दिवाळीला येतो. दिवाळी गेली, की गणपतीत येतो.

आणि दर रविवारी बाबा फोनवर आईंना रिपोर्ट द्यायचे. "बारीक झाला आहे थोडा. कानाजवळ केस पांढरे झाले. हासतो पहिल्यासारखाच." हेमंत त्याच खोलीत लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसलेला असायचा. मला ते बघवायचं नाही, मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची.

तर, शनिवारी सकाळी निघालो. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, चिवडा, आणि बाबांच्या दहीभातासाठी डिकीत राइस कुकर. मोटेलमध्ये कुकर लावायचा तर एक्झॉस्ट फॅन सुरू करून बाथरूममध्ये लावा, ही माझी अनुभवाची टीप. हेमंतने कागदपत्रांची फाइलही घेतली. तो दूध आणायला राज्याची हद्द ओलांडायची असली तरी फाइल घेतो, त्यावर मी आता बोलणं सोडलंय.

श्रूजबरीहून पाइकने, म्हणजे टोलच्या हायवेने, पूर्वेला, मग बोस्टनला बाहेरून वळसा घालून उत्तरेला, सव्वा-दीड तासात सेलम. टोल किरकोळ. पार्किंगसाठी मात्र लवकर पोचा, कारण गावात सगळी गर्दी चेटकिणींच्या नावाने चाललेल्या दुकानांना. आमची आठ वर्षांची लेक ईरा तिकडेच ओढत होती. "वन विच शॉप, प्लीज, जस्ट वन!" मी म्हटलं, आधी जपान, मग चेटकिणी.

संग्रहालयाचं तिकीट मोठ्यांना तेरा-चौदा डॉलर, मुलं फुकट. जपानच्या दालनात शिरलो आणि पहिल्या काचेपाशीच आमची वरात थांबली. सामुराईचं अख्खं चिलखत. लोखंडाच्या आणि चामड्याच्या बारीक पट्ट्या निळ्या रेशमी दोऱ्यांनी अशा गुंफलेल्या, की हे लढाईला घालायचं का मुंजीत मिरवायचं ते कळेना. मुखवट्याला खऱ्या केसांच्या मिश्या. मी सहज म्हटलं, "किती लढाया पाहिल्या असतील याने!"

"एकही नाही," बाबा म्हणाले. "तीच तर गंमत आहे नं."

आणि मग त्यांचा तास सुरू झाला. आजूबाजूला दोन अमेरिकन म्हाताऱ्याही उभ्या राहिल्या, त्यांना मराठी कळत नव्हतं तरी. सतराव्या शतकात जपानच्या राज्यकर्त्यांनी ठरवलं की परदेशी माणूस नको, परदेशी धर्म नको, आपला माणूस बाहेर जायला नको, आणि गेलेला परत यायला तर मुळीच नको. परत आला तर देहदंड. नागासाकीच्या बंदरात एक चिमुकलं कृत्रिम बेट बांधलं, त्यावर मूठभर डच व्यापारी ठेवले आणि किनाऱ्याला जोडणारा एक पूल. युरोपकडे उघडणारी खिडकी तेवढीच. डचांनी दरवर्षी बाहेरच्या जगाची बातमी लिहून द्यायची. एवढ्या मोठ्या देशाला वर्षातून एकदा वर्तमानपत्र!

"मग आत लोकांनी काय केलं?" मी विचारलं.

"आत सगळं जिथल्या तिथं ठेवलं. सामुराई वर, मग शेतकरी, मग कारागीर, व्यापारी सगळ्यात खाली. ज्यानं त्यानं आपल्या पायरीवर बसून राहायचं. लढायाच नाहीत, तर सामुराई काय करणार? कचेरीत बसून राहिला हिशेब लिहीत, कमरेला दोन तलवारी लावून. अन् तळाशी ठेवलेला व्यापारी त्याला कर्ज देऊन राहिला."

मला त्या तलवारवाल्या कारकुनाचं फार हसू आलं. पण पुढच्या काचेतल्या वस्तू पाहिल्या आणि हसू थांबलं. किमोनोला खिसे नसतात, म्हणून पट्ट्याला डबी अडकवायची, आणि ती घसरू नये म्हणून वर एक कोरलेलं बटण. सुपारीएवढं. त्या सुपारीत एक म्हातारा, त्याच्या पाठीवर नातू, नातवाच्या हातात बेडूक. बेडकाला बोटं! ईरा काचेला नाक लावून कितीतरी वेळ उभी होती. मीही. सगळ्या जगाकडे पाठ फिरवलेल्या माणसाने ती सगळी नजर एका सुपारीत ओतली, असं काहीतरी मला तिथे वाटलं. लाखेच्या तबकांवर सोन्याचं गवत, गवतावर दव. एकेका तबकाला म्हणे वर्षवर्ष लागायचं. घाई कोणाला होती?

त्यातली काही तबकं तर चक्क सेलमच्याच जहाजाने आणलेली. युरोपात लढाया चालू असताना डचांना स्वतःची जहाजं पाठवता येईनात, म्हणून त्यांनी अमेरिकन जहाजं भाड्याने घेतली. नागासाकीच्या बंदराबाहेर आलं की अमेरिकन झेंडा उतरवायचा, डच झेंडा चढवायचा आणि आत शिरायचं. आत कोण येतंय यावर एवढा पहारा, आणि झेंडा बदलला की काम फत्ते. हेमंत खुशीत आला. "म्हणजे स्पॉन्सर बदलला!" तो म्हणाला. आमच्या पिढीला जगाचा इतिहास व्हिसाच्याच भाषेत कळतो, काय करणार.

एका पडद्यावर सरदाराची मिरवणूक रंगवलेली होती. शेकडो माणसं, भाले, पेट्या, घोडे. प्रत्येक सरदाराने एक वर्ष आपल्या मुलखात राहायचं आणि एक वर्ष राजधानीत हजेरी लावायची, दरवेळी हा सगळा लवाजमा घेऊन. खर्चातच त्याचं कंबरडं मोडायचं, मग बंड कशाने करणार? आणि तो गावी गेला तरी बायकोमुलांनी राजधानीतच राहायचं. ओलीस.

"बायकोने हलायचं नाही, काम करायचं नाही, नवऱ्याच्या नावावर बसायचं," मी म्हटलं. "म्हणजे एच-फोर व्हिसा! जपान्यांनी आधीच काढला होता की."

बाबा खो खो हसले. हेमंत हसला नाही. पडद्यावर त्या मिरवणुकीच्या शेवटी एक माणूस मागे वळून बघत होता, हेमंत त्याच्याकडेच बघत उभा होता.

ईराला कबूल केलेलं चेटकिणींचं दुकान उरकलं, समुद्राकाठी बाकावर पुऱ्या खाल्ल्या आणि दुपारी दक्षिणेला निघालो. बोस्टनमधून जाऊ नका असं सांगते, आम्ही गेलो आणि तासभर खोळंबलो. मुक्काम न्यू बेडफर्डजवळच्या मोटेलात, ऐंशी डॉलरच्या आसपास, सकाळचा नाश्ता धरून. खोली स्वच्छ. न्यू बेडफर्ड हे एकेकाळी देवमाशांच्या शिकारीचं मोठं बंदर, आता पोर्तुगीज वस्ती बरीच. तिथल्या बेकरीत मिळणारे साखरेत घोळवलेले गरम तळलेले गोळे चुकवू नका. बाबांनी आधी अंडं आहे का विचारलं, आहे कळल्यावर "थोडंसंच असेल" म्हणून दोन खाल्ले.

रविवारी सकाळी पूल ओलांडून फेअरहेवनला गेलो. पाणी पार केलं की पाच मिनिटं. गाव कसलं, चित्र आहे! लाकडी पांढरी घरं, रुंद झाडं, मधोमध दगडी वाचनालय, आणि सगळीकडे खाऱ्या पाण्याचा वास. त्या पोराचं नाव मी इथे देत नाही, गावात पाऊल ठेवलंत की पाटीवर वाचालच. गावातल्या एक आजी, रूथ, हौसेने पाहुण्यांना पायी फिरवतात, पैसे घेत नाहीत. पंच्याहत्तरीच्या असतील, पायात टेनिस शूज. आम्हा चौघांशिवाय त्या दिवशी कुणीच नव्हतं.

रूथआजींनी सांगितलेली गोष्ट थोडक्यात अशी. जपानच्या दक्षिणेकडच्या एका गावातला चौदा वर्षांचा पोरगा. बाप नाही, आई आणि भावंडं. दुसऱ्याच्या होडीवर मासेमारीला गेला आणि वादळाने ती होडी भर समुद्रात लोटली. इथे बाबांनी मधेच हात वर केला, विद्यार्थी करतात तसा. "त्यांना मोठी जहाजं बांधायची बंदी होती," ते इंग्रजीत म्हणाले. "कुणी दूर जाऊ नये म्हणून."

"बरोबर!" रूथआजी खूश झाल्या. "त्यामुळे वादळ आलं की त्या होड्या परत वळवता येत नसत."

मी तिथेच थबकले. म्हणजे ज्या कायद्याने होडी कमकुवत ठेवली, त्याच कायद्याने वाहून गेलेल्याला परत यायला बंदी केली! एका निर्जन बेटावर पाच जण अडकले. पक्षी खाऊन जगले. तिकडून जाणाऱ्या एका अमेरिकन जहाजाने, देवमाशांच्या शिकारीला निघालेल्या, त्यांना उचललं. पण सोडणार कुठे? जपानच्या किनाऱ्यावर परक्या जहाजावर तोफा चालायच्या. बाकीच्यांना वाटेत हवाईला उतरवलं आणि या पोराला कप्तानाने आपल्या घरी आणलं. इथे, याच गल्लीत.

ते घर आम्ही बाहेरून पाहिलं. रंग उडालेला, पायऱ्या खचलेल्या, आत जाता येत नाही. पण त्या दारासमोर उभं राहून मला फार भारावल्यासारखं झालं. ज्या देशात बाहेरच्या जगाबद्दल नुसतं बोलणंही धोक्याचं, तिथला एक पोरगा या पायऱ्या चढून शाळेत गेला, लहान मुलांबरोबर बसून ए-बी-सी शिकला, मग नौकानयनाचं गणित शिकला. एका चर्चमध्ये त्याला गोऱ्यांपासून वेगळं बसवायला निघाले, तेव्हा कप्तानाने चर्चच बदललं. त्याला इथे सगळं मिळालं. शिक्षण, काम, माणसं.

"अँड देन ही स्टेड?" ईराने विचारलं.

"नाही," रूथआजी म्हणाल्या. "तो परत गेला."

जहाजांवर कामं करून, सोन्याच्या खाणीत राबून त्याने पैसे जमवले, हवाईतल्या जुन्या सोबत्यांना गाठलं, एक लहान होडी विकत घेतली, ती मोठ्या जहाजावर चढवली आणि जपानजवळच्या बेटांपाशी समुद्रात उतरवून वल्हवत किनाऱ्याला गेला. दहा वर्षांनी.

हेमंतने विचारलं, "त्याच्याकडे काही पेपर्स होते? कुणाचं प्रॉमिस? आत घेतील म्हणून?"

"काहीच नाही."

"कायदा बदलला होता?"

"नाही, बाळ. पकडला तर मरण, हे त्याला पक्कं ठाऊक होतं."

"देन व्हाय डिड ही गो?" ईरा जवळजवळ ओरडलीच.

रूथआजींनी खांदे उडवले. "हिज मदर वॉज देअर," त्या म्हणाल्या आणि पुढच्या घराकडे चालायला लागल्या.

पुढचं मी अर्धवट ऐकलं, कारण माझं लक्ष नवऱ्याकडे होतं. ऐकलं ते एवढं. त्याला पकडलं, महिनोन् महिने चौकशा केल्या, ख्रिस्ती नाही हे सिद्ध करायला ख्रिस्ती देवाच्या चित्रावर पाय द्यायला लावला. आपली भाषा तो अर्धी विसरला होता. अधिकारी विचारत, तिकडे राजा कसा निवडतात, आगगाडी म्हणजे काय. तो सांगे आणि लिहिणारे लिहून घेत. अमेरिकेत लोक संडासात बसून पुस्तकं वाचतात, हेही त्याने सांगितलं म्हणे! शेवटी सोडला. आई जिवंत होती. तिने त्याचं थडगं बांधून ठेवलं होतं. तिच्याजवळ तीन दिवस राहिला आणि सरदाराचं बोलावणं आलं. पुढे त्या कोळ्याच्या पोराला दोन तलवारी देऊन सामुराई केलं. दोनशे वर्षं ज्याने त्याने आपल्या पायरीवर बसायचं, त्या देशात! त्यानंतर थोड्याच काळात काळी जहाजं आली, तेव्हा बाहेरचं जग डोळ्यांनी पाहिलेला हाच एक माणूस दरबाराजवळ होता.

वाचनालयात त्याच्या घराण्याकडून भेट आलेल्या तलवारीची काच आहे, तिथे बाबा हात जोडून उभे राहिले. चक्क नमस्कार केला. "आपल्याकडे कायदासुद्धा लागला नाही," ते मला हळूच म्हणाले. "समुद्र ओलांडला की धर्म बुडाला. परत आला की पंचगव्य पाजा. राजा नाही, तोफा नाही, तरी दार बंद. अन् हा पोरगा पाहा."

हेमंत आमच्यात नव्हता. तो धक्क्यावर बोटींपाशी उभा होता. आम्ही जवळ गेलो तर वळून म्हणाला, "बाबा, तुमच्याच फ्लाइटवर मला सीट मिळते का बघतो."

मला वाटलं, बाबा आता त्याला मिठीच मारतील. सकाळपासून त्या पोराचे गोडवे गाणारा माणूस! पण बाबांचा चेहरा पांढरा पडला. "काहून? वेड लागलं का तुला? तो काळ वेगळा होता. तुझी नोकरी आहे, घराचे हप्ते आहेत, पोरीची शाळा आहे. ग्रीन कार्ड आलं की ये."

"तो जीव पणाला लावून गेला, बाबा. मला कुणी मारणार नाहीये. फार तर परत येऊ देणार नाहीत."

"अरे, पण परत येऊ दिलं नाही तर?"

"तर नागपूरला राहीन. तुम्ही नाही का राहत?"

बाबा माझ्याकडे वळले. "तू सांग याला, सूनबाई. तुझं ऐकते तो."

खरं सांगू? ऑफिसातल्या त्या मित्राच्या बायकोने नवऱ्याशिवाय खोकी बांधली होती ती माझ्या डोळ्यांसमोर आली. मला वाटलं, म्हणावं, थांब यार, वकिलाला विचारू, ऑगस्टमध्ये बघू. पण हेमंतचा चेहरा पाहिला. पाच वर्षांत मी त्याला असा सरळ उभा राहिलेला पाहिला नव्हता. "जाऊ दे त्याला, बाबा," मी म्हटलं. "आईंना तुमचे रिपोर्ट किती दिवस पुरणार?"

बाबा बाकावर बसले आणि रुमालाने चष्मा पुसायला लागले. पुसत राहिले. ईराने त्यांच्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, डोन्ट क्राय, ही इज गोइंग टू युअर हाउस." त्यांना इंग्रजी कळलं, त्यांनी मान हलवली.

परतीचा प्रवास वेगळ्या रस्त्याने, आतून, त्यातला पाऊणएक तास झाडांच्या भिंतींमधून. एका ठिकाणी कॉफी घेतली, बाबांनी चहा मागितला आणि कागदी कपातल्या त्या पाण्याला नावं ठेवली. त्यावरून मला कळलं की ते सावरलेत.

घरी आल्यावर हेमंतने आईंना फोन केला. स्पीकरवर. "आई, मी येतोय. जूनच्या..."

"तारीख सांगू नको मला," आई म्हणाल्या. झटक्यानंतर त्यांचे शब्द जड येतात, पण हे स्पष्ट आले. "तारीख सांगितली की मी मोजत बसते. आला की दारातून आवाज दे."

वकिलाने त्याला तासभर समजावलं. मॅनेजरने तोंड वाकडं केलं, चार आठवडे दिले, त्यापुढचं बघू म्हणाला. मुंबईची मुलाखतीची तारीख मिळाली, पण हेमंतने आधी नागपूर आणि मग मुंबई असं ठरवलं. "आधी शिक्का घे, मग निवांत जा," असं सगळ्या मित्रांनी सांगून पाहिलं. त्याने ऐकलं नाही. बोस्टनच्या विमानतळावर बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुमच्या फेअरहेवनने घात केला माझा," ते म्हणाले, आणि हसले.

तुम्ही जाणार असाल तर एवढंच सांगते: सेलमला अख्खा दिवस द्या, फेअरहेवनला अर्धा पुरतो, पायात चांगले बूट घाला, आणि ती सुपारीएवढी बटणं बघायला भिंग घेऊन जा. दोन दिवसांत चौघांचे अडीचशे डॉलर झाले, पेट्रोल धरून. मला अजून त्या देशाचं नवल वाटतं, एवढा काळ आतून कडी लावून बसलेल्या आणि आत बसून बेडकाची बोटं कोरणाऱ्या. आणि त्या पोराचं तर वाटतंच.

हेमंतची मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. शिक्का मिळेल की नाही, मला माहीत नाही. ईरा रोज विचारते आणि मी रोज तेच सांगते. काल सकाळी तिला शाळेच्या बसमध्ये बसवून आले आणि नागपूरला फोन लावला. तिकडे दिवेलागणीची वेळ. ते दोघं दुपारीच पोचले होते. फोन आईंनी उचलला, याचंच मला नवल वाटलं, कारण एरवी नणंद उचलते.

"आई! कशा आहात? पोचला ना नीट? कुठेय तो?" मी आपली माझ्या डोंबिवलीच्या आवाजात.

"हळू," आई म्हणाल्या. "हळू बोल नं. झोपला आहे तो. इथंच, माझ्याजवळ."

"उठवू नका मग," मी म्हटलं. पुढे बराच वेळ आम्ही दोघी बोलत होतो, आणि माझ्या लक्षात आलं की इथे श्रूजबरीत, रिकाम्या घरात, मीसुद्धा कुजबुजतच बोलत होते.